सातशे ग्रॅमचं भांडण

तो मला पहिल्यांदा भेटला तेव्हा दिसलाच नाही. माझ्या तोंडासमोर खोकं होतं. दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावणारं. त्याच्या वरून मला कुरिअर ऑफिसातला पंखा तेवढा दिसत होता. बाहेर भुरभुर पाऊस, खोक्याचा एक कोपरा भिजलेला, आणि रांगेतला प्रत्येक माणूस माझ्याच पायावर पाय द्यायचा असं घरून ठरवून आलेला.

"ठेवा इथं," काउंटरपलीकडून आवाज आला.

मी खोकं ठेवलं आणि मागून माणूस उगवला. तिशीचा असेल. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल. त्यानं खोकं काट्यावर ठेवलं.

"सातशे ग्रॅम."

मी मनातल्या मनात खूश झाले. पण त्यानं टेप काढली, खोकं आडवं मोजलं, उभं मोजलं, खाली वाकून उंची मोजली, आणि कागदावर काहीतरी खरडून म्हणाला, "सहा किलो चारशे."

"काय सहा किलो चारशे?"

"तुमच्या पार्सलचं वजन."

"अहो, आत्ता तर सातशे ग्रॅम म्हणालात!"

"ते काट्यावरचं. हे मापावरचं. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे लागतात."

"आत दिव्याची शेड आहे. पोकळ! आत हवा आहे, हवा!"

"हवेलाही गाडीत जागा लागते, मॅडम."

मागे कुणीतरी हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं सांगितलेला आकडा शेडच्या किमतीहून जास्त होता. आणि मी माझ्या दुकानाच्या पानावर, मोठ्या अक्षरांत, कौतुकानं लिहून ठेवलं होतं – घरपोच मोफत!

"तुम्ही लोकांना लुटायला बसलाय," मी म्हणाले.

"मी मोजायला बसलोय," तो म्हणाला.

मी खोकं उचललं आणि वळले. दार लाथेनं उघडायचा माझा विचार होता. पण ते आत उघडणारं निघालं. तो काउंटरमागून आला, दार धरून उभा राहिला, आणि मी त्याच्यासमोरून खोक्यासकट तिरकी तिरकी बाहेर पडले. इतका अपमान मला सहन होत नाही. घरी जाईपर्यंत मी त्याचं नाव ठेवून टाकलं होतं. काटेकोर.

राग माझ्या नाकावर असतो, हे मला मान्य आहे. पण त्या दिवसांत त्याला कारण होतं. दिव्यांच्या एका शोरूमच्या मागच्या खोलीत मी सहा वर्षं शेड बनवल्या होत्या. तार वाकवायची, कडी जोडायची, कापड ताणून चुण्या घालायच्या. शेवटच्या वर्षी मी एक नवी शेड केली. वरून अरुंद, खाली घेरदार, चुण्या अशा की दिवा लावला की भिंतीवर उजेडाच्या उभ्या रेघा पडायच्या. ती धडाधड खपली. मग मालकांनी गुळगुळीत कागदावर पत्रक छापलं. त्यात माझ्या शेडचा मोठा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं – 'रचना: आमचे चिरंजीव'. त्या चिरंजीवांना तार कोणत्या बाजूनं वाकते हेही ठाऊक नव्हतं. मी पत्रक मालकांच्या टेबलावर ठेवलं, त्यावर माझी पक्कड ठेवली आणि निघून आले. पक्कड माझी स्वतःची होती. हे जिना उतरल्यावर लक्षात आलं. म्हणून परत वर जाऊन ती घेऊन आले.

घरी आम्ही दोघीच, आई आणि मी. आई कपडे शिवते. बाहेरच्या खोलीत तिचं मशीन, आतल्या खोलीत माझी तार. विक्रीच्या एका साइटवर मी दुकान उघडलं. उघडायला वीस मिनिटं लागली, पहिली ऑर्डर यायला एकोणीस दिवस. आणि ती तीन दिवसांत रवाना झाली नाही तर साइट आपोआप रद्द करणार होती.

म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच काउंटरवर जाणं आलं.

"आलात," तो म्हणाला. त्यानं टेबलाखालून एक खोकं काढलं. कालच्यापेक्षा बरंच लहान, बाजू कापून, दुमडून, नीट चिकटवलेलं. "काल तुमच्या खोक्यात चारी बाजूंनी चार-चार बोटं जागा मोकळी होती. यात टाका. अर्ध्यावर येईल."

"मी मागितलं होतं का?"

"नाही."

"मग?"

"मग... नको असेल तर ठेवतो." तो खोकं परत खाली ठेवायला लागला.

"थांबा!" मी ते ओढून घेतलं. शेड त्यात बरोब्बर बसली, आणि त्याचाही मला राग आला.

तो वर न बघता पावती करत म्हणाला, "दुकान उघडायच्या आधी इथं एकदा येऊन विचारायचं होतंत."

"तुम्हाला? तुमचं दुकान आहे?"

"नाही. पण परत आलेली पार्सलं माझ्याकडे येतात. सात वर्षं झाली. प्रत्येकावर कारण लिहिलेलं असतं – फोटोत मोठं वाटलं, रंग निराळा आला, आमच्या दिव्यावर बसलं नाही..." त्यानं मान वर केली. डोळे तपकिरी होते आणि त्यांत थट्टा होती की नाही, तेच कळेना. "तुमची शेड कोणत्या होल्डरवर बसते?"

 हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

"नेहमीच्या," मी म्हणाले.

"नेहमीचे दोन प्रकारचे असतात."

"माहितेय मला! सहा वर्षं हेच केलंय मी!"

"तुम्हाला माहितेय. घेणाऱ्याला नाही ना."

तो बरोबर बोलत होता. चुकीच्या माणसाशी भांडता येतं. बरोबर माणसाशी भांडणं फार अवघड, पण मी प्रयत्न सोडला नाही. पुढचे दहा-बारा दिवस मी रोज काहीतरी निमित्त काढून त्या काउंटरवर भांडायला जात होते. घरपोच मोफत काढून टाकलं, त्यावर भांडले. तो म्हणाला, मोफत लिहायचं तर तो खर्च किमतीत आधीच धरायचा असतो, किंमत ठरवताना फक्त तार आणि कापड मोजून भागत नाही. मी म्हणाले, मग माझे हात कुठं धरायचे? तो क्षणभर माझ्या हातांकडे बघत राहिला. "ते सगळ्यात आधी धरायचे," म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि त्यानं उगाचच शिक्का दोनदा मारला.

त्या दिवशी मी घरी येऊन आईवर ओरडले. कशावरून ते आठवत नाही.

एका रविवारी दुपारी तो घरी आला. मीच बोलावलं होतं – म्हणजे, "एवढं कळतं तर येऊन दाखवा करून," असं म्हणाले होते. आईनं त्याला मशीनजवळच्या स्टुलावर बसवलं, चहा दिला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्हीच का ते काटेकोर?"

"आई!"

"अगं, मग दुसरं नाव सांगितलंस कुठं तू?"

तो हसला. पहिल्यांदाच पूर्ण हसला, आणि मी त्याच्या भरलेल्याच कपात आणखी चहा ओतला.

"माझंही एक नाव ठेवलंय मी," तो मला हळूच म्हणाला.

"काय?"

"भडका."

आई इतकी हसली की तिच्या हातातली सुई पडली.

आतल्या खोलीत त्यानं शेड हातात घेऊन उलटीपालटी केली, कडीवरून बोट फिरवलं. फोटो मी पिवळ्या दिव्याखाली काढले होते. तो म्हणाला, खिडकीजवळ काढा, उजेडात, म्हणजे कापडाचा खरा रंग दिसेल. ते मी ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "एक विचारू? हिची घडी घालता येईल का?"

"कसली घडी?"

"शेडची. सपाट झाली तर..."

"ही काय चादर आहे? सहा महिने मी हिचा घेर बसवलाय! घडी घालायची म्हणे! उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय तुमचं!"

"मी फक्त..."

"चहा झाला ना? मग निघा."

तो उठला, आईला "येतो" म्हणाला आणि खरंच गेला.  आईनं नुसतं मशीन जोरात चालवलं. आई रागावली की मशीनच बोलतं.

मला वाटलं होतं, तो विषय मी तिथंच संपवला. पण सोमवारी तार वाकवताना तोच विचार, मंगळवारी कापड कापताना तोच. बुधवारी मी चिडून एक शेड उसवली. मधल्या उभ्या तारा काढून टाकल्या. कापडाची नळी तशीच ठेवली, वर एक कडी, खाली एक कडी. ती धपकन खाली बसली. सपाट. मग प्रश्न उरला तो उभी कशी करायची. चार सुट्या काड्या, टोकाला आकडे, दोन्ही कड्यांत अडकवायच्या – पहिल्यांदा कलली, दुसऱ्यांदा कापड फाटलं, तिसऱ्यांदा मी पक्कड भिंतीवर फेकली. शुक्रवारी दुपारी ती उभी राहिली. चुण्या ताणल्या गेल्या, दिवा लावला आणि भिंतीवर उजेडाच्या रेघा पडल्या. आधीपेक्षा सरळ.

मी तशीच, केस न विंचरता, धावत कुरिअरच्या ऑफिसात गेले. एका पसरट पाकिटासारखं पार्सल काउंटरवर आपटलं.

त्यानं टेप काढली. लांबी. रुंदी. उंची... उंचीला त्याला टेप नीट लावताच येईना, इतकी कमी होती. त्यानं आकडा लिहिला, खोडला, परत मोजलं.

"सातशे ग्रॅम," तो म्हणाला. "काट्यावर सातशे आणि मापावर... त्याहून कमी."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. रांगेतला एकजण खाकरला.

"घडी घातली?" त्यानं विचारलं.

"तुमच्यामुळं नाही," मी म्हणाले. "मला राग आला म्हणून."

"मग मला अधूनमधून राग आणत राहायला हवं," तो म्हणाला. आवाज इतका खाली उतरला होता, की मागच्यांना ऐकूच गेला नसेल. पावती देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. तो ती काढायला विसरला. मीही.

पुढचे दोन महिने कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. रविवारी दुपारी तो यायचा. मी शेडबद्दल बोलायचे, तो टाइप करायचा. मी सांगायचे, "अत्यंत सुंदर आणि उत्तम दर्जाची." तो खोडायचा. "सगळेच तसं लिहितात. खरं सांग." तुम्हीचं तू कधी झालं ते कळलंच नाही. "बरं, लिही – दिवा लावला की भिंतीवर उजेडाच्या रेघा पडतात." "हे खरं," तो म्हणायचा आणि लिहायचा. शेड परत कधी घेणार, कधी नाही, कापडाला डाग पडला तर काय, हे सगळं आम्ही भांडून भांडून ठरवलं. ऑर्डरी आठवड्याला पाच-सहा यायला लागल्या. दुकानाचा पासवर्ड त्याच्याकडेही होता, कारण मी तारेच्या कामात असले की आलेल्या ऑर्डरीचे पत्ते तोच काढून ठेवायचा.

आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

एका गुरुवारी मी दुकानाचं पान उघडलं, तर एका बाईंची तक्रार होती. पांढरी शेड मागवली ती पिवळी आली, वरची कडी वाकडी आहे, फोटोत एक आणि हातात भलतंच, अशी फसवणूक करताना लाज वाटत नाही का. मी दात-ओठ खात पान खाली सरकवलं. खाली माझं उत्तर होतं. मी न लिहिलेलं.

'आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मी अंतःकरणपूर्वक क्षमा मागते. चूक सर्वस्वी माझी आहे. नवीन शेड आजच पाठवते.'

मागते. पाठवते.

मी ते 'ते' पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या तोंडी घातलेलं. मी छत्रीही न घेता निघाले.

ऑफिसात गर्दी होती. मला त्याची पर्वा नव्हती. "हे तू लिहिलंस?"

त्यानं माझ्या फोनकडे पाहिलं. "तू कामात होतीस. तक्रारीला चोवीस तासांत उत्तर गेलं नाही तर दुकानाचे गुण कमी होतात, म्हणून..."

"म्हणून तू मी झालास?"

"मला वाटलं, तू रागात काहीतरी लिहिशील आणि..."

"लिहीन! माझं दुकान आहे. मी रागात लिहीन, शिव्या घालीन, नाहीतर दुकान बंद करीन! सहा वर्षं माझ्या कामावर दुसऱ्याचं नाव लागत होतं. आणि आता दुसऱ्याच्या शब्दांवर माझं नाव! फरक काय रे तुझ्यात आणि त्यांच्यात?"

तो पांढराफटक पडला. 

"मला मदत करायची होती," तो म्हणाला.

"मदत मागितल्यावर करतात. न मागता करतात ती मालकी."

घरी येऊन मी पासवर्ड बदलला. मग त्या बाईंना फोन लावला. त्या पहिली पाच मिनिटं मला बोलूच देईनात. रागात त्या मला भारी होत्या आणि खरं सांगते, मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

त्या थांबल्यावर मी विचारलं, "दिवा कोणता लावलाय तुम्ही आत?"

"घरात होता तोच. पिवळा."

"शेड दिव्यावरून काढा आणि खिडकीत धरा."

बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. "पांढरी आहे," त्या जरा नाराजीनंच म्हणाल्या.

"रंगाची चूक माझी नाही. कडीची आहे. पॅकिंग करताना कडीखाली पुठ्ठा घालायला हवा होता, मी घातला नाही. कडी बदलून देते."

"हे बरं झालं," त्या म्हणाल्या. "ते आधीचं उत्तर फार गोड होतं. मला वाटलं, ही बाई पक्की लबाड दिसते."

मी फोन ठेवला. मला हसू यायला हवं होतं. हे कुणाला सांगायचं, तर ज्याला सांगायचं त्याच्याशीच भांडण. मग रडूच आलं.

त्यानंतर तीन आठवडे मी त्या ऑफिसाची पायरी चढले नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसरं कुरिअर होतं. दोन बस बदलून मी पार्सलं तिकडे न्यायचे. तिथला माणूस मोजमापच करायचा नाही. नुसता नजरेनं अंदाज करायचा आणि अंदाज नेहमी त्याच्याच फायद्याचा निघायचा. बाहेर आल्यावर मी रस्त्यात उभी राहून खरं माप मनात धरायचे आणि पुन्हा दोघांवर चिडायचे, तिथल्या माणसावर आणि जो तिथं नव्हता त्याच्यावर.

"त्यानं चूकच केली," आई एकदा म्हणाली. मशीन थांबवून म्हणाली, म्हणजे मनापासून. "तुझ्या जागी मी असते तर मीही ओरडले असते. पण रोज दोन बसचा त्रास तू काढतेयस. शिक्षा नक्की कुणाला चाललीय ते एकदा ठरव."

"तू त्याच्या बाजूनं आहेस."

"मी माझ्या बाजूनं आहे. तू घरात धुसफुसतेस आणि माझे टाके चुकतात."

त्याच शनिवारी दुपारी दार वाजलं. तो होता. उंबऱ्याबाहेरच उभा, ओल्या चपला हातात.

"आत नाही येत," तो म्हणाला. "दोन गोष्टी सांगायच्यात. पहिली, मी चुकलो. तुझ्या नावानं बोलायचा मला हक्क नव्हता. त्यात 'पण' काही नाही." त्यानं चपला दुसऱ्या हातात घेतल्या. "दुसरी, तुझ्या शोरूमच्या मालकांनी घडीची शेड विकायला काढलीय. फोटो तुझे आहेत. सगळे. मी आज सकाळी पाहिले. मी काहीही केलेलं नाही – तक्रार नाही, फोन नाही, काही नाही. फक्त सांगायला आलो. तू म्हणशील तर मदत करीन. नको म्हणालीस तर जातो."

मी फोन उघडला. शोरूमच्या पानावर माझी शेड होती, माझ्या खिडकीत, माझ्या हातात. माझ्या अंगठ्यावरचा तार लागल्याचा व्रणसुद्धा दिसत होता. माझा हात त्यांच्या दुकानात कामाला लागला होता आणि मला पत्ताच नव्हता.

मला वाटलं होतं, मी ओरडेन. पण हा राग निराळाच होता. गार, जड.

"माझ्याबरोबर चल," मी म्हणाले. "पण आत मी एकटी जाणार. तू बाहेर थांब."

"बरं," तो म्हणाला. 

शोरूममध्ये तीन-चार गिऱ्हाइकं होती. मालक एका जोडप्याला झुंबर दाखवत होते. मला पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली, मग ओठांवर हसू चढलं. "अरे वा, आमची जुनी कारागीर. या, या."

मी फोन त्यांच्यासमोर धरला आणि शेजारी माझा हात ठेवला. अंगठा वर करून. "हा हात कुणाचा आहे?"

जोडप्यातली बाई वाकून बघायला लागली.

"हे बघ, तू इथं शिकलीस..."

"शिकले. त्याची सहा वर्षं काम करून भरपाई केली. हा फोटो माझ्या घरच्या खिडकीत काढलाय, तुमच्या शोरूममध्ये ही खिडकी कुठं आहे ते या ताईंना दाखवा." मला वाटलं होतं, माझा आवाज चढेल. तो चढलाच नाही. "मूळ फोटो तारखांसकट माझ्याकडे आहेत. साइटवर तक्रार लिहून तयार आहे. ती मी इथून बाहेर पडल्यावर पाठवायची की नाही, ते तुम्ही आत्ता ठरवा."

"फोटो आमच्या मुलानं टाकलेत, मला त्यातलं काही..."

"मग मुलाला बोलवा. रचना त्यांचीच असते ना नेहमी?"

चिरंजीव मागच्या खोलीतून आले. मान खाली घालून त्यांनी फोटो काढून टाकले. एकेक. मी तिथं उभी राहून शेवटचा जाईपर्यंत मोजले. ती शेड ते पुढेही बनवणार, स्वतःचे फोटो काढून विकणार, हे मला ठाऊक होतं. त्याला मी काही करू शकत नव्हते, आणि ते शल्य आजही आहे. पण माझा हात मी परत घेतला होता.

बाहेर आले तर पाऊस चांगलाच लागला होता.  तो समोरच्या बसथांब्याजवळ उभा होता. थांब्याखाली नव्हे, त्याच्या बाजूला, नखशिखान्त भिजलेला.

"वेडा आहेस का? छपराखाली का नाही उभा राहिलास?"

"तिथून दार दिसत नव्हतं."

"दार बघून काय करणार होतास? आत येणार होतास?"

"नाही. तू नको म्हणाली होतीस." पाणी त्याच्या भुवयांवरून गळत होतं. "पण तू बाहेर आलेली मला दिसायला हवी होतीस."

मी त्याला दंडाला धरून छपराखाली ओढलं. ओढलं ते ओढलं, मग हात सोडायचं राहूनच गेलं.

"मला तुझा भयंकर राग येतो," मी म्हणाले.

"माहितेय."

"तू बरोबर असलास की येतो. चुकलास की येतो. आणि हे तीन आठवडे तू नव्हतास, तर... दिवसभर येत होता." मी त्याचा दंड आणखी घट्ट धरला. "हा नुसता राग नाहीये. कळतंय का तुला? का हेही मोजून दाखवू?"

तो हसला नाही. खूप गंभीरपणे त्यानं माझा तो व्रणाचा अंगठा आपल्या मुठीत घेतला. "मी तुझ्यावर प्रेम करतो," तो म्हणाला. "हे माझं माझ्या नावानं बोलतोय."

 मी थांब्याच्या बाकावर बसले. तोही बसला, कपड्यांतून पाणी गाळत. समोर रस्त्यावर छत्र्या उलट्या होत होत्या. आणि मला एकदम जाणवलं, की इतक्या महिन्यांत मी या माणसाला एकही साधा प्रश्न विचारला नव्हता. भांडायला सवड होती, विचारायला नव्हती.

"तुझ्या घरी कोण कोण असतं?" मी विचारलं.

"बाबा. आणि धाकटी बहीण." त्यानं शर्टाची बाही पिळली. "ती पण रागीट आहे."

"माझ्यापेक्षा?"

"तुम्ही दोघी एकदा भेटा. मग मी बाबांना घेऊन बाहेर फिरायला जातो."

मी हसायला लागले. खूप दिवसांनी, पोट धरून. मग तो बाबांबद्दल सांगायला लागला, ते आधी गोदामात कामाला होते आणि काटा वापरायला त्यांनीच त्याला कसं शिकवलं. मग मी माझ्या बाबांबद्दल सांगितलं, जे मी सहसा कुणाला सांगत नाही. आमची बस आली. दार उघडलं, ड्रायव्हरनं आमच्याकडे पाहिलं, थोडा वेळ वाट पाहिली. आम्ही बोलतच होतो. दार बंद झालं आणि बस निघून गेली.